माठ गार होत नाही तेव्हा

नागपूरकडच्या माणसाला उन्हाबद्दल सल्ला द्यायचा म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसात कसं चालायचं ते शिकवायचं. मी इकडचाच असल्यामुळे हे धाडस करतो आहे. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मीच म्हणालो असतो, 'आम्हाला सवय आहे.' आमच्याकडे उन्हाचाही अभिमान असतो. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवशी आपण कुठे होतो हे लोक अजून सांगतात, जणू सामना जिंकला होता.

ही सवय खोटी नव्हे, पण ती कशावर उभी होती ते आधी पाहायला हवं. लहानपणी मे महिन्यात संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी शिंपायचं काम माझ्याकडे असे. स्लॅबमधून वाफ निघायची, तास-दीड तासानं गाद्या पडायच्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ यायचा. दिवसभर कितीही तापलेलं असो, पहाटे चारला पायथ्याशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागे. गेल्या काही वर्षांत मी चादर वर नेतच नाही. हवामानबदल म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर आलेखाआधी मला ही चादर आठवते.

उन्हाची सवय होते म्हणजे शरीरात खरोखरच बदल होतात. रोज थोडं थोडं ऊन सोसलं की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, आणि रक्तातलं पाणी वाढल्यानं हृदयावरचा ताण घटतो. मात्र याला दोन अटी आहेत. ऊन हळूहळू चढलं पाहिजे आणि रात्री शरीराला उसंत मिळाली पाहिजे. होळीनंतर ऊन तापू लागायचं, वैशाखात भाजून काढायचं, शेवटी रोहिणी लागली की नवतपा. हा क्रम शरीराला वेळ द्यायचा आणि बाकीचं काम गार पहाट करायची.

आता दोन्ही अटी मोडल्या आहेत. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींतला भारतातला सर्वांत उष्ण मार्च होता. दाणा भरायच्या वेळीच उत्तरेतला गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. २०२५ चा फेब्रुवारीही असाच विक्रमी ठरला. ऊन आता सवय व्हायच्या आत येतं. २०२२ च्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या गटाचा निष्कर्ष असा, की माणसानं वातावरण तापवल्यामुळे अशी लाट येण्याची शक्यता सुमारे तीसपटीनं वाढली आहे.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेल्या, २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. 'पाऊण अंशानं काय होतं?' हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं. नदीचं पाणी वीतभर वाढलं तर रोज काठावर बसणाऱ्याला फरक कळत नाही. पूर येतो तेव्हा मात्र पूर्वी कधी न बुडलेली घरं बुडतात. सरासरीचंही तसंच आहे. औद्योगिक युगाआधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं, आज ते ४२० च्या वर आहे. तो आला मुख्यतः कोळसा, पेट्रोल-डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळण्यातून. चंद्रपूर हे देशातल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक, आणि २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्रही तिथेच. मुंबई-पुण्याचे एसी ज्या विजेवर चालतात त्यातल्या बऱ्याच विजेचा धूर आणि राख विदर्भाच्या वाट्याला येते. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण उन्हाबद्दल लिहिताना तो गिळून टाकणं मला जमत नाही.

आकडा आणि माठ

उन्हाळ्यात लोक पाऱ्याचा आकडा पाहतात. माझा पहिला सल्ला असा, की आकड्याबरोबर माठाकडेही पाहा.

माठातलं पाणी गार होतं ते मातीतून पाझरलेलं पाणी वाळत जातं म्हणून. वाळताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. आपलं शरीरही असंच एक मडकं आहे. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराकडे उष्णता टाकायचा एकच मार्ग उरतो, घाम वाळवणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. पण तो वाळला तरच. नुसता निथळून खाली पडला तर पाणी आणि मीठ गेलं, गारवा मिळाला नाही. अकोल्यात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार होतं आणि रत्नागिरीत तोच माठ नुसता ओला होऊन बसतो, याचं कारण हेच. कोकणातली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. म्हणून मुंबई-ठाण्याचे ३८ अंश आणि नागपूरचे ४३ अंश यांची आकड्यांवरून तुलना करू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसं दुपारपर्यंत उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता, तरी १४ जण गेले.

शास्त्रज्ञ यासाठी थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तापमान मोजतात. ओलं फडकं जितकं गार होऊ शकतं तितकंच घामेजलेलं अंग होऊ शकतं. हे ओल्या फडक्याचं तापमान ३५ अंशांवर गेलं तर सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे टिकत नाही, असं गणित बरीच वर्षं मांडलं जात होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. म्हाताऱ्यांची त्याहून कमी. हवा एका अंशानं तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी 'आमच्याकडे कुठे लाट येते?' हे म्हणणं आता सोडावं.

हवामान खात्याचा निकषही समजून घ्या. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा सरळ ४५ किंवा त्याहून वर गेलं की उष्णतेची लाट म्हणतात. किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच हा विचार होतो. खातं 'उष्ण रात्री'चाही इशारा देतं. लोक तो वाचत नाहीत, माझ्या मते तोच आधी वाचावा. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारी करा, लाल म्हणजे बाहेरची कामं पुढे ढकला. हे इशारे खात्याच्या संकेतस्थळावर आणि 'मौसम' ॲपवर मिळतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यांच्या नादी लागू नका. मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंशांची नोंद झाल्याचं देशभर पसरलं. ते यंत्र बिघडलेलं होतं, हे खात्यानं पुढे सांगितलं. दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या ५२.९ अंशांचंही तसंच झालं. खरं तापमान सावलीत, हवेशीर लाकडी पेटीत मोजतात. तुम्ही उन्हात, डांबरावर उभे असाल तेव्हा तुमच्या अंगाला सोसावी लागते ती उष्णता त्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते.

रात्र आणि छप्पर

आपण सगळी खबरदारी दुपारच्या उन्हाची घेतो. टोपी, दुपट्टा, गॉगल. पण उन्हाळ्यात दगावणाऱ्यांत उन्हात न गेलेली माणसंही बरीच असतात. ती घरात, टिनाखाली किंवा वरच्या मजल्यावर, तिसऱ्या-चौथ्या गरम रात्रीनंतर जातात. हृदय दिवसभर रक्त कातडीकडे ढकलत राहतं. रात्री त्याला विश्रांती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी ते आधीच दमलेलं असतं. तेव्हा पैसे आणि मेहनत थोडीच असेल तर ती झोपायच्या खोलीवर खर्च करा.

सुरुवात छपरापासून. सिमेंटचा स्लॅब दुपारचं ऊन पिऊन घेतो आणि ते संध्याकाळनंतर खाली सोडतो. रात्री दहाला छताला हात लावून पाहा. स्वस्तातला उपाय चुन्याचा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, धरून राहावा म्हणून थोडं फेविकॉल मिसळायचं आणि झाडून-धुऊन वाळलेल्या गच्चीवर दोन-तीन हात मारायचे. काम पहाटे किंवा संध्याकाळी करा आणि डोळ्यांना जपा, चुना उडाला तर डोळा जाऊ शकतो. पांढरं छप्पर ऊन परतवतं आणि खालची खोली दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. पाऊस तो धुऊन नेईल, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीअखेर हात फिरवायचा. टिनावर चुना फार टिकत नाही. तिथे पांढरा परावर्तक रंग मारावा. तोही परवडत नसेल तर टिनावर तट्टे, तुराट्या किंवा गवताचा थर टाकावा, पण चुलीचा धूर आणि ठिणगी कुठे जाते ते पाहून. कवेलूंची आणि माळवदाची जुनी घरं मोडून आपण टिनाखाली आणि स्लॅबखाली राहायला गेलो. ते कौतुकानं केलं. आता छपराला चुना लावताना जरा संकोच वाटतो खरा.

खिडक्यांचा नियम सोपा आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच उघडा. सकाळी नऊच्या सुमारास पूर्व-दक्षिणेच्या खिडक्या बंद, दुपारनंतर पश्चिमेच्या, आणि रात्री हवा उतरली की सगळ्या सताड उघड्या. पडदा काचेच्या आतून लावण्यापेक्षा बाहेरून गोणपाट किंवा वाळ्याची ताटी बांधलेली केव्हाही बरी, कारण ऊन काचेतून आत आल्यावर अडवून उपयोग नसतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात ताटी ओली ठेवा. कोकणात ओली ठेवू नका, दमटपणा तेवढा वाढेल. तिथे समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

कूलरबद्दल दोन गोष्टी. तो लावून दारं-खिडक्या घट्ट बंद केल्या तर तासाभरात खोली दमट होते आणि गारवा संपतो. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. दुसरी गोष्ट जिवाची आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यांत लहान मुलंही असतात. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, पिन काढा. अर्थिंग असलेलाच प्लग वापरा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरच्या पत्र्याला हात लावू नका. घरात गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवून घ्या. तिचा खर्च कूलरपेक्षा कमी आहे. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर पावसाळ्याच्या तोंडावर डेंग्यूचे डास तिथूनच उठतात.

पंख्याचीही मर्यादा असते. खोली चाळिशीवर गेली की कोरडा पंखा भट्टीतलीच हवा अंगावर फेकतो. अशा वेळी अंग ओलं करा किंवा ओला पातळ पंचा पांघरा, मग पंखा लावा. एसी असेल तर २६ वर ठेवून सोबत पंखा चालवा. १८ वर ठेवलेला एसी बाहेर किती गरम हवा ओकतो ते पाहायचं असेल तर शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊन बसा.

पाणी, मीठ, गोळ्या आणि कांदा

खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही असं आमच्याकडे मानतात. ठेवायचा असेल तर ठेवा, जेवताना उपयोगी पडेल. ऊन लागायचं ते लागतंच.

पन्हं, ताक, आंबील, कोकमाचं सरबत यांच्याबद्दल मात्र आजीचं म्हणणं बरोबर होतं. ही नुसती सरबतं नव्हेत, त्यांत पाण्याबरोबर मीठही असतं. पन्ह्यात-सरबतात साखर-गुळाची जोड असल्यानं पाणी आतड्यात लवकर शोषलं जातं. उन्हात राबणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. त्यानं नुसतं पाणी ढोसलं तर पायांत गोळे येतात. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवू नका. थंड पेयांच्या बाटल्यांनी तहान भागल्याचा नुसता भास होतो. रसवंतीचा रस चांगला, फक्त त्यातला बर्फ कुठून आला ते विचारा. दारू तर या दिवसांत सरळ घातक, ती शरीरातलं पाणी बाहेर काढते.

तहान लागायची वाट पाहू नका. वय वाढतं तशी तहानेची जाणीव कमी होते. लघवीचा रंग हा जास्त भरवशाचा मापक. फिकट असेल तर ठीक. गडद झाली, कमी झाली, उन्हाळी लागली, तर पाणी कमी पडतंय. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. शेतात, बाजारात, रस्त्याच्या कामावर असंख्य बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. त्यांना 'भरपूर पाणी प्या' असं सांगणं निरर्थक आहे. तुमच्याकडे कामाला बाई येत असेल, तुमच्या बांधकामावर बायका असतील, तर मोरी उघडी करून द्या. तो उष्माघातावरचाच उपाय आहे.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनी शरीराची गार होण्याची ताकद कमी होते. पण तेवढ्यासाठी ती स्वतःहून बंद करायची नाहीत. मार्चमध्येच डॉक्टरांकडे जाऊन 'उन्हाळ्यात डोस बदलायचा का?' एवढं विचारून या. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवता येते. पुन्हा माठच.

काम करणाऱ्यांसाठी आणि करवून घेणाऱ्यांसाठी

गडचिरोली-चंद्रपूरकडे तेंदूपत्ता तोडणारी माणसं पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत परततात आणि दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात. त्यांना कुणी परिपत्रक पाठवलेलं नाही. शहरातल्या ठेकेदारांनी मात्र दहा ते सहाच्या वेळेला चिकटून राहायचं ठरवलेलं दिसतं. बारा ते चार उघड्यावरचं काम बंद, ही गोष्ट आता ऐच्छिक राहू नये. सकाळी सहाला सुरू करा, स्लॅब संध्याकाळी टाका. रोजंदारी कापणार असाल तर मजूर सावलीत बसणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

सर्वांत जास्त धोका नव्या माणसाला असतो. गावाहून काल आलेला, महिनाभर आजारी असलेला, दहा दिवस लग्नाला गेलेला. त्याची सवय मोडलेली असते. कामगारांच्या आरोग्याचे जाणकार एक हिशेब सांगतात: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं पाचव्या हिश्शाचंच काम द्या आणि रोज तितकंच वाढवा. पोलिस भरतीच्या धावण्याची तयारी करणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. भर एप्रिलमध्ये सकाळी दहाला पळणारी मुलं मी पाहतो आणि थांबून सांगतो. ती हसतात.

ऊन लागलं तर

ऊन लागण्याचे दोन टप्पे ओळखा. पहिल्यात भोवळ येते, मळमळतं, डोकं ठणकतं, पायांत गोळे येतात, अंग घामानं चिकट होतं, पण माणूस नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग पुसा, घोट घोट सरबत द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

दुसरा टप्पा उष्माघाताचा. अंगाचं आतलं तापमान ४० च्या वर जातं आणि मेंदू शिजू लागतो. माणूस बरळतो, नाव विचारलं तर भलतंच सांगतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. घाम थांबतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण राबताना कोसळलेला माणूस घामानं चिंब असू शकतो. घामावर जाऊ नका, बोलण्यावर जा. उन्हात माणूस विचित्र बोलू लागला की तो उष्माघातच, असं समजून चाला.

इथे बहुतेकांचं चुकतं. गाडी शोधण्यात, नातेवाइकांना फोन करण्यात, तालुक्याला नेण्यात तास जातो. १०८ ला फोन करा आणि त्याच क्षणी गार करायला लागा. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. नुसती कपाळावर पट्टी पुरत नाही. कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. त्याहून परिणामकारक म्हणजे माणूस पाण्यात बुडवणं. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयानं २०२४ मध्ये उष्माघाताचा वेगळा कक्ष उघडला, तिथे रुग्णाला बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवतात. गावात टब नाही, पण ताडपत्री घरोघरी असते. माणसाला ताडपत्रीच्या मधोमध निजवा, चार-सहा जणांनी कडा उचलून धरा, म्हणजे द्रोण होईल, आणि त्यात मिळेल तितकं गार पाणी आणि बर्फ ओतून पाणी हलवत राहा. एकानं फक्त डोकं पाण्याच्या वर धरायचं. रुग्ण थरथरू लागला, नीट बोलू लागला की थांबा. परदेशात खेळाडूंसाठी ही पद्धत वापरतात. कापसाच्या आणि तुरीच्या शेतात ती तितकीच चालते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. पॅरासिटामॉल देऊ नका. हा आजाराचा ताप नव्हे, गोळीनं उतरत नाही. दवाखान्यात पोचल्याबरोबर तापमान मोजून कागदावर लिहायला सांगा. ते लिहिलं नाही तर मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडलं' एवढंच येतं आणि उन्हानं गेलेला माणूस कुठल्याच यादीत सापडत नाही.

फोनवर काय विचाराल

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये लाट आली आणि जवळपास १५ हजार माणसं गेली. बहुतेक म्हातारी होती, बरीच एकटी राहणारी. घरचे लोक सुट्टीवर गेले होते. पैसा, दवाखाने, रस्ते सगळं असलेला देश तो. आपल्याकडे अमरावती, यवतमाळ, जळगाव, परभणीच्या कितीतरी घरांत आता आई-वडील दोघंच किंवा एकटे आहेत. मुलं पुण्यात, बंगळूरात, टेक्सासमध्ये. रविवारी फोन होतो. 'ऊन कसं आहे?' 'आहे नेहमीचं.' एवढ्यावर संपतं.

त्याऐवजी असं विचारा: काल रात्री कुठे झोपलीस? मध्ये किती वेळा जाग आली? कूलरला पाणी कोण भरतं? सकाळपासून लघवीला किती वेळा जाऊन आलात, बाबा? काल काय जेवलात? भूक मेली असेल, बोलताना शब्द अडखळत असतील, किंवा नेहमी तक्रार करणारी आई 'काही नाही गं, जरा थकवा आहे' एवढंच म्हणत असेल, तर शेजारच्यांना लगेच पाठवा. लाल इशारा असेल तेव्हा हा फोन रोज करा, रात्री एकदा आणि पहाटे एकदा. शेजारच्यांचा नंबर आजच घेऊन ठेवा. तुम्ही त्याच गल्लीत राहत असाल तर फोनही नको, दार वाजवा.

एकेका घराचे हे उपाय पुरेसे नाहीत. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ वर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं पुढे मोजणीतून निघालं. त्या शहरानं २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता आराखडा केला. कुणी कुणाला कळवायचं, दवाखान्यात बर्फ कुठे, पाणपोया कुठे, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या की नाही, हे सगळं आधीच ठरलेलं. नागपूर हे त्यानंतर आराखडा करणाऱ्या पहिल्या शहरांपैकी. आराखडा कागदावर असणं आणि भर दुपारी बागेचं फाटक उघडं असणं यांत अंतर असतं, ते तुमच्या वस्तीत किती आहे हे तुम्हीच तपासू शकता. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे जाऊन तीन गोष्टी विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात बर्फ आणि थर्मामीटर आहे का? दुपारी सावलीत बसायला कुठली सार्वजनिक जागा उघडी असते? रस्ता रुंद करताना तोडलेल्या कडुनिंबांच्या जागी काय लावलं? गुलमोहर असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कारण भर उन्हाळ्यात त्याला फुलं असतात, सावली नसते.